पुलाखालच्या गाड्या

आमच्या गावातलं कुणी जळगावची कचेरी पाहून आलेलं नाही, म्हणून मी गेलो त्याची हकीकत लिहितो. शाळेतले मास्तर म्हणाले, नाना, बोलता तसंच लिहा. माझं शिक्षण चार यत्तांचं. लिहिताना हात जड होतो, पण खोटं लिहायची सवय नाही.

आमचं गाव पारोळ्यापासून चार कोस. धुळ्याहून जळगावला जाणारा मोठा रस्ता आमच्यापासून दीड कोसावर, आणि मधे नदी. नकाशावर तिला काही नाव असेल, आम्ही तिला नदीच म्हणतो. आठ महिने ती वाळू असते. पोरं तिच्यात विटीदांडू खेळतात. चार महिने ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तिच्यावर एक दगडी पूल नाहीतर निदान फरशी व्हावी, असा अर्ज गावानं कितीदा दिला ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. प्रत्येक म्हाताऱ्याचा आकडा वेगळा.

गेल्या श्रावणात माझी बायको गेली. तापानं गेली, त्यात नदीचा दोष नाही. पण धुळ्याला दिलेली माझी मुलगी सुंदर, तिला आईचं दुखणं वाढल्याचा निरोप द्यायला भिलाटीतला एक जण भोपळे बांधलेल्या सांगडीवर तरंगत पलीकडे गेला, आणि सुंदर आली ती नदीच्या त्या काठापर्यंतच. कडेवर तान्हं पोर. सांगडीवर बसू कोण देणार. आईला नदीकाठीच जाळलं. सुंदर पलीकडे उभी होती. पुढे पाणी उतरलं तेव्हा ती आली, राहिली, गेली. माझ्याशी फार बोलली नाही.

तेव्हा चैत्रात मी निघालो ते दोन कामांना. धुळ्याला जाऊन लेकीला भेटायचं, आणि तिथून रेल्वेनं जळगावला जाऊन अर्जाचं काय झालं ते विचारायचं. एरंडोलवरून जळगाव सरळ पडतं, हे मला माहीत आहे. पण लेक वाकड्या वाटेवर होती. आणि आगगाडीत मी कधी बसलो नव्हतो.

पारोळा आणि पुढे

आमच्या गल्लीतला दगडू शेंगांची गाडी भरून धुळ्याला चालला होता. त्याच्या गाडीत पोत्यांवर मी बसलो. पारोळ्याला किल्ल्याच्या खंदकाजवळ बैल सोडून भाकरी खाल्ली. तिथल्या एका किराणा दुकानदाराशी जुनी ओळख आहे. तो सुपारी कातरत म्हणाला, "तुम्ही पूल मागता, मागा. या रस्त्याला पूल झाला, मोटार सुरू झाली, आणि माझं गिऱ्हाईक इथं न थांबता थेट धुळ्याला जायला लागलं. पूर्वी नदीला पाणी आलं की माणसं दोन दोन दिवस पारोळ्यात पडून असायची. खायची, प्यायची, काहीबाही घ्यायची."

हेही खरं आहे. नदी अडवते तेव्हा अडलेल्यावर कुणाचं तरी पोट चालतं. हे मी ऐकलं आणि गाठीला बांधलं. पूल म्हणजे सगळ्यांचं भलंच, असं म्हणणाऱ्यानं या दुकानदाराच्या ओट्यावर घटकाभर बसावं.

पारोळ्यापुढे दोन कोसांवर तो पूल लागतो. चांगला काळ्या दगडाचा, दोन्ही बाजूंना कठडे. रस्ता सगळा खडीचा. आमच्या गावच्या मातीच्या वाटेवर गाडी न बोलता चालते, खडीवर चढली की हाडं मोजून घेते. पूल दिसायला लागला तसे दगडूनं बैल डावीकडे उताराला घातले.

मी म्हणालो, "अरे, पूल वर शे."

"दिखस माले," दगडू म्हणाला. "धाव वाजी राह्यनी, आयकू येत नई का? खाले उतरनं पडी."

चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. चैत्र-वैशाखात लाकूड सुकतं, आकसतं, आणि धाव सैल होऊन वाजू लागते. त्यात ही खडी. चार कोस खडीवर चाललं की चांगलं चाकही खुळखुळ्यासारखं वाजतं. मग चाक पाण्यात उभं करायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव पुन्हा आवळली जाते. घागरभर पाणी ओतून हे होत नाही. त्याला डोह लागतो आणि घटका-दोन घटका निवांतपणा लागतो.

पुलाखाली डोह होता. त्यात पाच-सहा गाड्या आधीच आसापर्यंत उभ्या होत्या. बैल सोडलेले, गाडीवान पुलाच्या सावलीत बिड्या ओढत बसलेले. इतकी गार सावली त्या रस्त्यावर दुसरी नाही.

"सरकारनं सावली झकास बांधी," एक जण म्हणाला.

"पूल मोटारस्ना," दगडू मला म्हणाला. "चाकले पूल काय पानी पाजी?"

वर पुलाच्या तोंडाशी छत्री लावून एक कारकून बसला होता. मांडीवर वही. पुलावरून किती गाड्या जातात ते मोजायला त्याला कचेरीनं बसवलं होतं. सकाळपासून एक मोटार आणि सवारीच्या दोन दमण्या, एवढंच त्याच्या वहीत. खालून गाडीवान त्याला छळत होते.

"ओ भाऊसाहेब, आमना गाडा बी लिखा ना. आमी काय भूत शेतस?"

"मला पुलावरच्या मोजायला बसवलंय," तो वरून म्हणाला. "खालच्या नाही."

"मंग खाले या. आठे गार शे."

तो बिचारा उन्हानं लाल झाला होता. मला गप्प बसवेना. मी ओरडून म्हणालो, "लिखी टाका, आज दोन कावळा नि एक कुत्रं पुलवरथीन गयं." सगळे हसले. दगडूला तर ठसका लागला. बायको गेल्यापासून मी चार माणसांत पहिल्यांदा हसलो होतो, म्हणून लक्षात राहिलं. उतरताना चिखलात पाय सरकून मी धोतरासकट बसलो, तेव्हा ते आणखी हसले. वरचा कारकूनही हसला. मग त्यानं मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

चाकं भिजली, गाड्या पलीकडच्या उतारानं वर चढल्या आणि रस्त्याला लागल्या. पुलाला कुणी शिवलं नाही.

धुळे

धुळ्याचे रस्ते सरळ आहेत, गल्ल्या एकमेकींना काटकोनात. आमच्याकडे घर जिथं बसलं तिथून रस्ता वाकतो, इथं रस्त्यासाठी घरं ओळीत उभी राहिलेली. सुंदरचा नवरा कापसाच्या जिनात कामाला आहे. त्याच्या अंगाला, केसांना कापसाचे तंतू. जेवताना ताटात पडतात.

सुंदरनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत केलं. भरीत तिच्या आईच्या हातचं होतं. म्हणजे तसंच होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी घेतली नाही.

"घ्या ना, बा."

"बस व्हयनं."

जावई कामावर गेल्यावर मी म्हणालो, आखाजी जवळ आलीय, माहेरी ये. आमच्या खानदेशात लेकी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. नदी तेव्हा कोरडी असते. मला वाटतं, आमच्या वाडवडलांनी लेकींचा सण वैशाखात धरला तो उगाच नाही.

सुंदर म्हणाली, "आखाजीले येसू. पन मायना वरीसले कशी येऊ, ते सांगा."

तिच्या आईचं वर्ष श्रावणात येतं.

"तो दिन मी काठवर उभी व्हतू," ती भाकरीचं पीठ डब्यात झाडत म्हणाली. "माले कोनी सांगं नई. तिकडे धूर दिखना, तवय समजनं."

"अर्ज देयेल शे," मी म्हणालो.

"अर्ज देयेल शे, हाई मी ल्हान व्हतू तवयपासून आयकस."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हणालो की मी स्वतः जळगावला चाललो आहे, साहेबाला विचारून येतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी जळगावले? मायले कधी नेयं नई." कापूस तर मी दरसाल एरंडोलला नेत होतो, पुढे जळगाव ते किती. बायकोला गाडीत बसवून न्यायला काय झालं होतं. नेलं नाही एवढं खरं.

आगगाडी

धुळ्याहून चाळीसगाव आणि चाळीसगावाला गाडी बदलून जळगाव. आगगाडीचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल, तेवढं आहे. खिडकीत बसलो तर डोळ्यात कोळसा गेला आणि पाचोऱ्यापर्यंत मी एका डोळ्यानंच खानदेश पाहिला.

समोर सावद्याकडचा एक केळीवाला शेतकरी होता. त्यानं उपरण्याचं टोक ओलं करून माझा डोळा पुसला, मग टोपलीतली केळी काढून दिली. पूर्वेकडच्यांची बोली आमच्याहून निराळी, पण कळते.

"तुमच्याकडे काय पिकते, आबा?"

"कापूस, ज्वारी, शेंगा."

"केळं नाही? पानी नाही का?"

"विहिरींना पाणी आहे."

"मंग?"

"न्यायचं कुठं?"

तो हसला. "आमचा आजा म्हने, केळं म्हंजे पाहुन्यापुरते दोन खुंट. पुढं टेसनावर वॅगन भेटाले लागली, तवापासून शिवारात दुसरं काही दिसतच नाही. कापूस थांबते, ज्वारी थांबते. केळं थांबत नाही. ते म्हनते, मले घेऊन चाल, नाही तं मी चाललो."

मी सोललेलं केळं हातात धरून बसून राहिलो. साठ वर्षं शेती केली आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. आम्ही न थांबणारं काहीच पेरत नाही. टोमॅटो नाही, केळी नाही, भाजी घरापुरती. आम्हाला वाटायचं, ही आपली जमीन, हा आपला रिवाज. जमीन वाईट नाही. माल नदीच्या काठाशी कुजायचा, म्हणून आमच्या बापजाद्यांनी कुजणारा माल पेरणं सोडलं, आणि आम्ही त्यालाच रिवाज म्हणत आलो.

"वॅगन वेळेवर नाही मिळाली तर?" मी विचारलं.

"तं आम्ही रडतो," तो म्हणाला. "सारं शिवार मिळून रडतो. पूर्वी एकएकटे रडत होतो."

जळगाव

जळगावात जिकडे तिकडे जिनांची धुराडी. नळाची तोटी फिरवली की पाणी येतं, आणि तरी तिथं बायका भांडतच असतात, हे पाहून मला जरा बरं वाटलं. धर्मशाळेत अंग टाकलं, सकाळी आंघोळ करून स्वच्छ धोतर नेसून कचेरीत गेलो.

रस्त्यांचं काम पाहणारा साहेब तरुण होता, आपल्यातलाच, पुण्याकडचं बोलणं. बसा म्हणाला. शिपायानं माझ्याकडे पाहिलं, साहेबानं पुन्हा बसा म्हटलं तेव्हा मी बसलो. अर्ज सापडला. गावाचे अंगठे, माझी सही.

"आजोबा, खरं सांगू का," साहेब म्हणाला. "तुमच्या भागात आम्ही एक पूल बांधला. त्यावरून गाड्या किती जातात ते मुद्दाम मोजून घेतलं. बोटांवर मोजण्याइतक्या जातात. लोक खालून जातात, नदीतून. मग मी वर काय तोंडानं सांगू की अजून एक पूल द्या म्हणून?"

त्यानं कालच्या मोटारीनं आलेली वही उघडून माझ्यापुढे केली. मी बोट ठेवून वाचलं. शेवटी शेरा होता: लोकांना पुलाची गरज दिसत नाही, उलट थट्टा करतात.

मी म्हणालो, "साहेब, ती थट्टा मी केली."

"तुम्ही?"

"कावळे आणि कुत्रं. तो मीच."

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. चाकं, धाव, खडी, डोह. तो पुस्तकातला हुशार माणूस, पण गाडीच्या चाकाला तहान लागते हे त्याच्या कानावरून कधी गेलं नव्हतं. त्याला ते पटेना. मी म्हणालो, चला बाहेर. कचेरीच्या आवारात खडी वाहायची गाडी उभी होती. मी काठीनं चाकावर मारलं, धाव खुळखुळली. धावेखाली ठिकठिकाणी लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या. साहेबानं गाडीवानाला विचारलं, हे काय आहे रे. तो घाबरत म्हणाला, "चाकं सुकली साहेब. रविवारी मेहरूणच्या तळ्यात घालून आणतो."

"नेहमी घालतोस?"

"उन्हाळाभर. सगळेच घालतात."

साहेबानं वाकून पाचर हातानं हलवून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही रस्ता पक्का केला म्हणून चाकं सैल होतात, आणि चाकं सैल होतात म्हणून गाड्या पुलाखालून जातात."

"चैत्रात जातात," मी म्हणालो. "तुमची छत्री आत्ता कोपऱ्यात उभी आहे. म्हणून तुम्ही ती टाकून देता का? श्रावणात मोजा."

आत येऊन त्यानं ती वही मिटली. मग म्हणाला, "त्या पुलाचं श्रावणात मोजता येईल. पण तुमच्या नदीवर काय मोजू? तिथून तर पावसाळ्यात काहीच जात नाही. वहीत शून्य येईल. शून्यावर पूल मिळत नाही."

"जे जात नाही, ते तुम्ही कुठं लिहिता?" मी विचारलं.

"ते कुठंच लिहीत नाही."

"मग माझी मुलगी तुमच्या वहीत नाही," मी म्हणालो. "ती दोन दिवस त्या काठावर उभी होती. तिच्या आईला आम्ही या काठावर जाळत होतो."

मला हे सांगायचं नव्हतं. कचेरीत घरचं सांगायला जाऊ नये. पण तोंडून गेलं. साहेबानं मान खाली घातली आणि मेजावरची दौत उगाच इकडून तिकडे ठेवली.

मग त्यानं एक कोरी वही मागवली आणि स्वतः पट्टीनं रकाने आखले. तारीख. कोण. कुठून कुठे. काय माल. काय काम. पुढे एक रकाना आखून तो थांबला आणि त्यावर लिहिलं: न जाता परत.

"तुम्हाला लिहिता येतं. पावसाळ्यात तुमच्या काठावर बसा," तो म्हणाला. "दोन्ही काठांवर अडलेलं प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी लिहा. एकाच माणसाला दोनदा लिहू नका. वाढवून लिहू नका. एक खोटं सापडलं तर सगळी वही खोटी ठरेल. वचन मी देत नाही. पण ही वही मी वर पाठवीन."

घरी

एरंडोलपर्यंत मोटारीनं आलो, पुढे चालत. पारावर सगळे जमले. मी वही दाखवली. भिका पाटील माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच तोंडाळ. म्हणाला, "पूल लेवाले गया, नि वही लई उना?"

"हो."

"मंग आते वहीवरथीन नदी पार करूत."

लोक हसले. हसू दिलं. त्यांना सांगितलं, यंदा थट्टा करा पण काठावर येऊन अडल्याचं खरं खरं सांगा.

आखाजीला सुंदर आली, झोक्यावर बसली नाही, चार दिवस राहून गेली. तिला वही दाखवली. तिनं रकान्यांवरून बोट फिरवलं.

पाऊस यंदा वेळेवर आला. आषाढ निम्मा झाला तशी नदी भरली आणि मी काठावरच्या जांभळाखाली घोंगडीची खोळ घेऊन बसू लागलो. काही गोष्टी साठ वर्षं डोळ्यांसमोर होत्या, त्या लिहायला बसल्यावर दिसल्या. दोडक्या-गिलक्यांची टोपली घेऊन एक बाई बाजाराला निघालेली, दोन दिवस वाट पाहून तिनं ती काठावरच उपडी केली. लिहिलं. पलीकडे टपालवाला, हात हलवून परत. लिहिलं. नवी मोट करायला चामडं घेऊन आलेला माणूस, परत. सोयरिकीला आलेले चौघे, परत, आणि ती सोयरीक पुढे दुसरीकडे झाली म्हणे, पण ते ऐकीव, म्हणून लिहिलं नाही. भिका पाटलाची व्यायला झालेली म्हैस, पलीकडच्या ढोरांच्या वैद्याची वाट पाहत मेली. भिका स्वतः येऊन म्हणाला, "लिख." मी लिहिलं. त्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही.

बायकोच्या वर्षाच्या दिवशी सकाळी घरी भटजी बसले होते. पिंड झाले, कावळा शिवला. मी पानावरून उठलो आणि नेहमीप्रमाणे काठावर गेलो. पाणी लाल, दोन्ही काठ धरून चाललेलं. पलीकडे सुंदर उभी होती. या वेळी पोर कडेवर नव्हतं, बोट धरून उभं होतं. तिनं हाक मारली असावी. पाण्याच्या आवाजात कळलं नाही. मी हात वर केला, तिनंही केला.

ती येणार नाही असं मला वाटलं होतं. धुळ्याहून दोन दिवसांची वाट, पार होता येणार नाही हे ठाऊक असून.

मी वही उघडली. तारीख लिहिली. कोण: सुंदर, आणि तिचा मुलगा. कुठून कुठे: धुळ्याहून माहेरी. माल: काही नाही. पुढच्या रकान्यात काय काम ते लिहायचं होतं. थेंब पडत होते, शाई फुटत होती, म्हणून खोळ पुढे ओढून लिहिलं: आईचं वर्ष.

न जाता परत, हा रकाना मी रिकामा ठेवला. कारण ती परत जात नव्हती. दुपार टळेपर्यंत ती तिथंच होती, आणि मी इथं. मग तिनं पोराला उचललं आणि मोठ्या रस्त्याकडे चालू लागली. ती चढावावरून दिसेनाशी झाल्यावर मी रकाना भरला.

वही भादव्यात जळगावला पाठवली.